गाळ्याचे वाङ्मयीन स्थान : संमेलन, जत्रा आणि मराठी ग्रंथविक्री

१

मराठी साहित्य संमेलनांचा इतिहास आजवर मुख्यतः अध्यक्षीय भाषणांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. अध्यक्षांची नामावली, त्यांच्या निवडीचे वाद, भाषणांतील वाङ्मयविषयक भूमिका आणि अखेरीस संमत झालेले ठराव हीच या इतिहासाची साधनसामग्री मानली जाते. मुख्य मांडवापासून काही अंतरावर कापडी भिंतींचे गाळे असतात, त्यांत पुस्तके मांडून विक्रेते तीन दिवस बसलेले असतात. त्यांचा उल्लेख मात्र वृत्तांताच्या शेवटच्या परिच्छेदात, तोही विक्रीच्या ढोबळ आकड्यापुरता, येतो. संमेलन हा वाङ्मयीन व्यवहार आणि ग्रंथविक्री हा त्याला जोडून आलेला बाजार, अशी विभागणी या लेखनपद्धतीत गृहीत धरलेली असते. ही विभागणी कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

संमेलनाचा प्रारंभ ग्रंथदिंडीने होतो. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा आणि अलीकडच्या काळात भारताचे संविधान ठेवलेले असते. लेझीम, टाळमृदंग आणि शाळकरी मुलांच्या रांगा यांच्यासह पालखी गावातून फिरते. या मिरवणुकीत ग्रंथ पूज्य असतो आणि त्याला किंमत नसते. दिंडी मांडवात विसर्जित झाल्यावर त्याच ग्रंथाची दुसरी प्रत गाळ्यातील फळीवर किंमतीच्या चिठ्ठीसह आणि संमेलनाच्या सवलतीसह उपलब्ध असते. एकाच आवारात ग्रंथाच्या या दोन अवस्था नांदतात. पहिलीविषयी संमेलनाला अभिमान वाटतो, दुसरीविषयी किंचित संकोच. १९९९ साली मुंबईच्या संमेलनाच्या वेळी राजकीय व्यासपीठावरून संमेलनाला ‘बैलबाजार’ म्हटले गेले, तेव्हा साहित्यिकांचा जो संताप झाला तो रास्तच होता. तथापि, त्या शब्दातील ‘बैल’ जितका झोंबला तितकाच ‘बाजार’ही झोंबला असावा. बाजार हा शब्द मराठी वाङ्मयविचारात अवहेलनेचाच राहिला आहे.

२

या संकोचाला संमेलनाच्या उगमात मात्र आधार सापडत नाही. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात जी सभा भरली, तिचे अध्यक्ष रानडेच होते. ती सभा ‘ग्रंथकारां’ची होती. ‘साहित्यिक’ ही संज्ञा तेव्हा रुळलेली नव्हती, आणि ‘ग्रंथ’ या शब्दात छापलेली, बांधलेली, विकता येणारी वस्तू स्पष्टपणे अभिप्रेत होती. मुद्रणाचा प्रसार झाला तरी ग्रंथाला ग्राहक मिळत नव्हता, हे त्या पिढीच्या लेखकाचे नित्याचे दुःख होते. लेखकाची गाठ आश्रयदात्याशी, सरकारी शिक्षणखात्याशी आणि दक्षिणा प्राइझ कमिटीशी पडे. अनोळखी वाचकाशी ती क्वचितच पडे.

रानडे स्वतः ग्रंथांची मोजदाद गांभीर्याने करणारे होते. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. त्या नोंदीत भाषा, विषय, मुद्रक, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या आणि किंमत इतका तपशील असे. अशा याद्यांच्या आधारे रानड्यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला. मराठीतील वाङ्मयेतिहासाची ती एक पायाभूत कृती होय. परंतु या साधनाची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. पुस्तकाच्या किती प्रती छापल्या गेल्या हे त्या नोंदींवरून कळते. किती विकल्या गेल्या, कोणी घेतल्या, कोठे घेतल्या हे कळत नाही. ग्रंथ छापखान्यातून बाहेर पडला की तो नोंदीतून नाहीसा होतो. मराठी वाङ्मयेतिहास या मर्यादेतून पुढेही फारसा बाहेर पडला नाही. त्याने प्रकाशनवर्ष हीच कृतीची जन्मतिथी मानली आणि ती वाचकाच्या हाती कधी व कशी पडली याची चौकशी केली नाही.

ही चौकशी किती महत्त्वाची आहे, हे १८८५ च्या घटनेवरून दिसते. त्या वर्षी पुण्यातच भरलेल्या दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. जे लोक शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आपल्या लोकांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या पत्राचे वाचन बहुधा जातिसंघर्षाचा दस्तऐवज म्हणून होते, आणि ते योग्यच आहे. पण ते ग्रंथव्यवहाराचेही पत्र आहे. फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेले आणि नाकारले गेले होते. ‘गुलामगिरी’ १८७३ साली त्यांनी स्वतःच्या बळावर प्रसिद्ध केली. पुस्तकाला मान्यता देणारी मंडळी, ते विकत घेणारी मंडळी आणि सभेला जमणारी मंडळी ही एकच आहेत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. सभेत कोण बसणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातच कोणाचे पुस्तक कोणाच्या हाती पडणार, हा दुसरा प्रश्न सामावलेला होता. व्यासपीठावर या प्रश्नांची उत्तरे भाषणांनी दिली गेली. गाळ्यात ती मांडणीने द्यावी लागतात.

३

गाळा उभा राहण्याच्या क्रियेकडे म्हणूनच बारकाईने पाहिले पाहिजे. विक्रेता संमेलनापूर्वी आयोजकांकडे शुल्क भरून जागा ठरवतो. कोपऱ्यावरचा गाळा, दोन बाजूंनी उघडा असल्याने, अधिक मोलाचा. प्रवेशद्वाराजवळचा गाळा गर्दीचा असला तरी तेथे माणूस थांबत नाही. भोजनमंडपाच्या वाटेवरचा गाळा दुपारी दोननंतर चालतो. आदल्या दिवशी खोकी येऊन पडतात. कोणती खोकी आधी फोडायची, यापासून निवडीला आरंभ होतो, कारण टेबलांची लांबी ठरलेली असते आणि आणलेली सर्व पुस्तके दर्शनी भागात मावत नाहीत. काही पुस्तके आडवी, मुखपृष्ठ वर करून ठेवली जातात. काहींची केवळ पाठ दिसते. उरलेली टेबलाखाली, कोणी विचारले तर काढून देण्यासाठी राहतात. डिसेंबर ते मार्च या हंगामात रात्रीचे दव पडते, दिवसा धूळ उडते. म्हणून रात्री प्लास्टिकचा कागद आणि सकाळी फडके, हा दैनंदिन क्रम असतो.

ही केवळ दुकानदारी आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोणते पुस्तक मुखपृष्ठाने आणि कोणते पाठीने दाखवायचे, हा निर्णय म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारातील एक मूल्यनिर्णय होय. अध्यक्षांची पुस्तके पुढे येतात. पुरस्कारप्राप्त पुस्तकावर तशी पट्टी चढते. क्रमिक पुस्तकांत नेमलेला लेखक वेगळा ढीग मागतो. अनुवादित आत्मविकासपर पुस्तके एक अख्खे टेबल व्यापतात. समीक्षा आणि कविता बहुधा आतल्या बाजूला जातात. समीक्षकाने ग्रंथांची जी उतरंड लेखात रचलेली असते, तिच्याशी ही उतरंड काही ठिकाणी जुळते आणि काही ठिकाणी तिला छेद देते. जेथे ती छेद देते तेथे वाङ्मयीन संस्कृतीविषयी काही सांगण्यासारखे असते. उदाहरणार्थ, ग्रंथालयांसाठी होणारी खरेदी. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले आणि त्यांचा ग्रंथपाल हा प्रकाशकाचा मोठा ग्राहक झाला. आर्थिक वर्ष मार्चअखेरीस संपते. संमेलनाचा हंगाम त्याच्या अलीकडचा. गाळ्यात येणारे दोन ग्राहक म्हणूनच अगदी भिन्न असतात : एक यादी घेऊन येतो आणि गठ्ठ्याने बिल करतो, दुसरा एक पुस्तक हाती घेऊन किंमत पाहतो आणि परत ठेवतो. ‘मराठी वाचक’ असे सामान्यनाम वापरताना या दोहोंपैकी कोण अभिप्रेत आहे, हे समीक्षेने सांगितलेले नसते.

विक्रेत्याचे मत संमेलनाच्या दृष्टीने किती दुय्यम समजले जाते आणि प्रत्यक्षात ते किती निर्णायक असते, हे २०१५ च्या घुमान संमेलनाच्या निमित्ताने उघड झाले. संत नामदेवांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या पंजाबातील त्या गावी संमेलन घेण्याचे ठरताच प्रकाशकांनी आक्षेप घेतला व बहिष्काराची भाषा केली. तेथे मराठी ग्राहक नसेल आणि पुस्तके नेण्या-आणण्याचा खर्चही निघणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर व्यापारी वृत्तीचा आरोप झाला. वास्तविक प्रकाशकांनी संमेलनाच्या व्याख्येचाच प्रश्न उपस्थित केला होता. संमेलन ही परंपरेच्या स्मरणासाठी केलेली यात्रा आहे, की लेखक, ग्रंथ आणि वाचक यांनी एकत्र येण्याची जागा आहे? ग्रंथदिंडी घुमानला सहज जाऊ शकत होती. गाळा जाऊ शकत होता की नाही, हाच वाद होता.

४

ग्रंथ कोठपर्यंत जातो, हा प्रश्न पंजाबइतक्या दूरच्या गावापुरता नाही. मराठी प्रकाशनाची दोन मोठी केंद्रे मुंबई आणि पुणे ही होत, आणि त्यांच्या मध्यावरचा प्रदेशही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील, घाटाच्या पायथ्याचे तालुके. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचला. बोरघाटाचा चढ पार करून तो १८६३ साली पुण्याच्या मार्गाला जोडला गेला. मधल्या काळात प्रवासी पालखीतून किंवा घोड्यावरून घाट चढत आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडत. १८६३ नंतर मुंबईच्या शिळाप्रेसचे आणि खिळ्यांच्या छापखान्यांचे ग्रंथ पुण्याला जाण्याचा मार्ग कर्जतवरून गेला. दोन केंद्रांमधली पुस्तकांची ने-आण या प्रदेशातून होत राहिली. या प्रदेशासाठी ती होत होती, असे मात्र म्हणता येत नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती असलेल्या या डोंगरपट्ट्यातील मौखिक परंपरा संपन्न आहे. पण त्या बोली प्रमाण मराठीच्या ग्रंथसूचीत लेखकाची भाषा म्हणून अभावानेच आढळतात.

तरीही या भागात ग्रंथविक्रीची एक जुनी जागा आहे, ती म्हणजे जत्रा. खालापूर तालुक्यातील महड येथील वरदविनायक हा अष्टविनायकांपैकी एक. माघी गणेशोत्सवाला तेथे मोठी गर्दी लोटते. अशा जत्रांत नारळ, पेढे, खेळणी आणि बांगड्या यांच्या शेजारीच आरतीसंग्रह, स्तोत्रे, व्रतकथा, पोथ्या, पंचांगे आणि दिनदर्शिका यांची दुकाने लागतात. ठळक टाइप, स्वस्त कागद आणि पाठ होण्याजोगा मजकूर ही या पुस्तकांची वैशिष्ट्ये. येथे ग्राहकाला पुस्तकाची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याला काय हवे ते घरूनच ठरलेले असते. पुस्तक ही वाचण्याची, तितकीच जवळ बाळगण्याची वस्तू असते, आणि म्हणून ती तसबिरीशेजारी मांडली जाते. साहित्य संमेलनाच्या गाळ्याने जत्रेपासून बरेच काही घेतले आहे : मांडवाची रचना, तात्पुरतेपणा, गर्दीच्या वेळा, खरेदीला येणारे स्मरणचिन्हाचे मूल्य. जे घेतले नाही ते एवढेच की आपण जत्रेचे वारस आहोत ही जाणीव.

याच जिल्ह्यात, महडशी नावाने जवळचे पण इतिहासाने अगदी वेगळे असलेले महाड आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. दरवर्षी २० मार्चला तळ्यावर जमणारा समुदाय अभिवादन करतो आणि पुस्तके घेऊन परततो. ग्रंथाच्या सत्तेला जेथे जाहीर आव्हान दिले गेले, तेथेच नव्या ग्रंथांची फळी लागते. या दोन्ही गोष्टींत विसंगती नाही. ग्रंथाला महत्त्व आहे, असे मानणाराच ग्रंथ जाळतो आणि दुसरा ग्रंथ विकत घेतो.

५

महाडला लहान प्रमाणात दिसणारी ही प्रथा ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पूर्ण रूपात आढळते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर आणि त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाणानंतर या दोन जागा वार्षिक समुदायाच्या झाल्या, आणि पुस्तकांचे गाळे हा त्यांचा अविभाज्य भाग झाला. आंबेडकरांचे ग्रंथ, बुद्धचरित्रे, फुले वाङ्मय, चांगदेव खैरमोडे यांचे बहुखंडी चरित्र, धनंजय कीर यांचे चरित्र, कवितासंग्रह, गीतांच्या पुस्तिका, मूर्ती, निळे झेंडे आणि दिनदर्शिका तेथे एकाच ओळीत मांडलेल्या असतात. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्या खंडांसाठी शासकीय विक्रीकेंद्रापुढे रांगा लागतात.

वाङ्मयाच्या समाजशास्त्राच्या दृष्टीने हे दृश्य एका प्रस्थापित सिद्धांताला अडचणीत टाकणारे आहे. फ्रेंच अभ्यासक रॉबेर एस्कार्पी यांनी १९५८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात साहित्याच्या प्रसाराची दोन वर्तुळे कल्पिली : सुशिक्षितांचे आणि लोकप्रिय वाङ्मयाचे. पहिल्यात पुस्तकांचे दुकान, समीक्षक, वृत्तपत्रातील परीक्षण आणि शिक्षणसंस्था. दुसऱ्यात किरकोळ विक्रीच्या टपऱ्या, स्वस्त पुस्तके आणि समीक्षेचा अभाव. मराठीत जत्रेचा गाळा दुसऱ्या वर्तुळात आणि संमेलनाचा पहिल्यात सहज बसवता येतो. चैत्यभूमीचा गाळा कोठे बसवायचा? विक्रीची जागा रस्त्याकडेची, ग्राहक बहुसंख्येने कष्टकरी, किंमत कमी राखण्याचा आग्रह, पुस्तकांशेजारी तसबिरी. ही सारी लक्षणे दुसऱ्या वर्तुळाची आहेत. विकले जाणारे ग्रंथ मात्र जातिव्यवस्थेची मीमांसा, रुपयाचा प्रश्न, धर्मचिकित्सा आणि संविधान यांविषयीचे, म्हणजे पहिल्या वर्तुळातील वाचकालाही कष्ट देणारे असतात. विद्यापीठीय परीक्षणाची मध्यस्थी नसताना वैचारिक ग्रंथ थेट घरात पोहोचतो. तो घरात लगेच वाचला जाईलच असे नाही. कधी पुढच्या पिढीने वाचावा म्हणून तो घेतला जातो. पण ‘आस्वादक वाचक’ या एकाच प्रतिमेवर उभारलेल्या वाचनविचाराला या ग्राहकाची नोंद घेण्याची सोयच नाही.

समांतर संमेलनांचा इतिहास याच जागेतून समजून घेता येतो. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. पुढे गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने जे मेळावे भरवले त्यांना ‘लेखक-वाचक मेळावा’ असे नाव होते. १९९९ साली मुंबईच्या संमेलनासमोर धारावीत बाबुराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलन झाले. ‘ग्रंथकार सभा’, ‘साहित्य संमेलन’ आणि ‘लेखक-वाचक मेळावा’ ही नावे क्रमाने वाचली तर संकल्पनेचा प्रवास ध्यानात येतो. पहिल्यात वस्तूचा कर्ता आहे, दुसऱ्यात वस्तू अमूर्त झाली आहे, तिसऱ्यात प्रथमच वाचकाला नावात स्थान मिळाले आहे.

६

लेखकाने स्वतः विक्रेता होणे, ही या इतिहासातील आणखी एक अवस्था होय. पन्नासच्या दशकातील ‘शब्द’ आणि साठच्या दशकातील ‘असो’, ‘वाचा’ यांसारख्या अनियतकालिकांनी रूढ प्रकाशनव्यवस्थेच्या बाहेर राहून लेखन हातोहाती पोचवले. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली अरुण कोलटकरांच्या मराठी कवितांचे पुस्तक काढले. या चळवळीच्या वाङ्मयीन बंडखोरीची चर्चा पुष्कळ झाली; तिच्या वितरणाची झाली नाही, आणि प्रयोगशीलतेची मर्यादा पुष्कळदा वितरणाचीच मर्यादा होती.

याच्या उलट दिशेने ‘ग्रंथाली’ गेली. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या वाचक चळवळीने सभासद नोंदवून पुस्तके काढली आणि ग्रंथयात्रांच्या रूपाने ती गावोगाव नेली. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली याच संस्थेकडून आले. दलित आत्मकथनाच्या उदयाची कारणे सामाजिक आणि वाङ्मयीन आहेतच. पण ज्या वेगाने हा प्रकार मध्यमवर्गीय घरांत चर्चेचा विषय झाला, त्यामागे आधीच बांधलेल्या या वाचकसमूहाचाही हात होता. रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८२ साली लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक यांचे जे संपर्कवर्तुळ मांडले, त्यात प्रत्येक दुवा पुढच्याला घडवतो. ‘बलुतं’च्या बाबतीत विक्रीचा दुवा किती प्रभावी होता, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

बाहेरच्या जगातही या प्रश्नाला दिलेली उत्तरे उद्बोधक आहेत. विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला भरले. चाहत्यांच्या संमेलनांचा तो प्रघात पुढे फोफावला आणि त्यांतील विक्रीदालन हे मुख्य आकर्षण बनले. टोकियोत २१ डिसेंबर १९७५ रोजी भरलेल्या पहिल्या ‘कॉमिक मार्केट’मध्ये अवघ्या ३२ मंडळांनी स्वतः छापलेली चित्रकथांची पुस्तके टेबलांवर मांडली होती; येणारे सुमारे ७०० होते. पुढे तेथे लाखोंची गर्दी होऊ लागली. तेथे टेबलामागे बसलेला आणि टेबलापुढे उभा असलेला, दोघांनाही ‘सहभागी’ म्हटले जाते. ‘ग्राहक’ हा शब्द टाळला जातो. त्या साहित्याचे मूल्य कोणी काहीही ठरवो, लेखक आणि वाचक यांच्यामधले टेबल ही भिंत नसून भेटीची जागा आहे, हे तत्त्व तेथे व्यवस्थेच्या पातळीवर स्वीकारलेले आहे. मराठीत ते ‘बाजार’ या नावाजवळ येऊन अडखळते. आणि तरीही ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’सारख्या, मराठी वाचनाला वळण लावणाऱ्या संस्थेने ‘स्टॉल’ हा शब्द आपल्या नावात अभिमानाने बाळगला होता.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष अभ्यासपद्धतीविषयीचा आहे. गाळा हा मराठी वाङ्मयेतिहासाचा दस्तऐवज मानला पाहिजे. तो तीन दिवसांत मोडला जातो, म्हणून त्याची नोंद त्याच तीन दिवसांत व्हावी लागते : कोणती पुस्तके दर्शनी होती, कोणती टेबलाखाली, कोणत्या जिल्ह्यांतून विक्रेते आले, कोणते आले नाहीत, बिले कोणाच्या नावाने झाली, कोणते पुस्तक मागितले गेले आणि मिळाले नाही. यांपैकी शेवटचा तपशील सर्वांत मोलाचा, कारण न मिळालेल्या पुस्तकाची नोंद कोणत्याही सूचीत नसते. कोकण मराठी साहित्य परिषदेची १९९१ साली स्थापना झाल्यापासून कोकणात जिल्हा आणि तालुका पातळीवर साहित्य मेळाव्यांना चालना मिळाली. कर्जतसारख्या ठिकाणच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे संशोधन दूर न जाता करता येईल : महडची माघी जत्रा, महाडचा २० मार्च आणि तालुक्याचा एखादा साहित्य मेळावा या तीन प्रसंगीच्या फळ्यांची तुलना केली तरी एका जिल्ह्यात किती प्रकारचे ‘मराठी वाचक’ नांदतात आणि त्यांची परस्परांशी गाठ कोठे पडत नाही, हे दिसून येईल.

अशा नोंदींचा साठा झाल्यावर अध्यक्षीय भाषणांचेही वाचन बदलेल. व्यासपीठावरून वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी जी चिंता पिढ्यानपिढ्या व्यक्त झाली आहे, ती नेमक्या कोणत्या वाचकाविषयीची होती, हे विचारता येईल. रांगेत उभे राहून आंबेडकरांचा खंड घेणारा मनुष्य त्या चिंतेत मोजलेला नव्हता. जत्रेतून पोथी नेणारी स्त्रीही नव्हती. १८८५ साली फुले यांनी ज्या सभेला येण्याचे नाकारले, तिच्यातील रिकामी जागा नंतर भाषणांतून अनेकदा मान्य केली गेली. ती कितपत भरली, याचा पुरावा भाषणात शोधून मिळणार नाही. तो गाळ्यांत शोधावा लागेल.